काम कुठे अडतं ते आधी बघा : लहान सॉफ्टवेअर टीमची कार्यपद्धती सुधारताना

टीमने पूर्ण केलेली शेवटची दहा टिकेटं (टिकेट म्हणजे एका कामाची नोंद) काढा. सोयीची निवडून नको, सरसकट शेवटची दहा. प्रत्येकासमोर सहा तारखा लिहा : मागणी कधी आली, काम हाती कधी घेतलं, कोड रिव्ह्यूला (सहकाऱ्याच्या तपासणीला) कधी गेला, मुख्य ब्रँचमध्ये (सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये) मर्ज कधी झाला, टेस्टिंग कधी संपलं आणि प्रॉडक्शनवर (वापरणाऱ्यांपर्यंत) कधी पोचला. या कामाला साधारण दोन तास लागतात. कार्यपद्धतीतली सुधारणा इथून सुरू करायची. नवं टूल घ्यायचं का, स्क्रम (ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत) लावायचं का, अजून एक माणूस मागायचा का, हे प्रश्न त्यानंतरचे. हा तक्ता न करता सुरू केलेल्या सुधारणांमध्ये बहुधा रोग रेड्याला आणि औषध पखालीला असतं.

चार ते दहा जणांच्या टीमची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे, किंवा अशा टीममध्ये जे नव्याने दाखल झाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

तक्ता कसा भरायचा आणि कसा वाचायचा

टिकेटं मांडलेल्या बोर्डवरच्या तारखांवर फार विसंबू नका. पुष्कळ जण आठवड्याची सगळी टिकेटं शुक्रवारी एकदम पुढे सरकवतात. गिटमधल्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातल्या) तारखा जास्त खऱ्या असतात, पण तिथेही एक मेख आहे. प्रत्येक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) दोन तारखा असतात, एक कोड लिहिल्याची आणि दुसरी कमिट नोंदल्याची. रीबेस केल्यावर (कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्यावर) दुसरी बदलते, पहिली तशीच राहते. काम कधी सुरू झालं हे पाहायचं असेल तर ब्रँचवरच्या पहिल्या कमिटची पहिली तारीख घ्या.

आता लागोपाठच्या दोन तारखांमधले दिवस मोजा आणि त्या दिवसांत त्या कामाला प्रत्यक्ष हात किती वेळ लागला होता, ते शेजारी लिहा. समजा एका टिकेटाला १९ दिवस लागले. त्यातले ४ दिवस ते कुणी उचलण्याची वाट पाहत होतं, २ दिवस कोड लिहिण्यात गेले, ४ दिवस रिव्ह्यूत, ३ दिवस टेस्टिंगमध्ये आणि ६ दिवस पुढच्या रिलीजची तारीख येण्यात. रिव्ह्यू प्रत्यक्षात अर्ध्या तासाचा होता, टेस्टिंग अर्ध्या दिवसाचं. म्हणजे १९ दिवसांपैकी हात लागला जेमतेम अडीच दिवस, बाकी सगळं भिजत घोंगडं. अशा टीममध्ये कोड लिहिण्याचा वेग दुप्पट केला तरी १९ चे १८ होतील. रिव्ह्यू आणि रिलीजची वाट निम्मी केली तर १९ चे १४ होतात, आणि त्यासाठी कुणाला जास्त राबावं लागत नाही.

दहाही टिकेटांचा सरासरी काळ काढू नका, मध्यक काढा. एखादं टिकेट दोन महिने पडून राहिलेलं असतं आणि एकटंच सरासरी फुगवून ठेवतं. दहा आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, पाचवा आणि सहावा घ्यायचा, त्यांची सरासरी हा मध्यक.

तक्त्यातली सगळ्यात मोठी दरी जिथे असेल, त्या विभागापासून पुढचं वाचा. याला अपवाद दोनच. कोड गिटसारख्या ठिकाणी नसेल किंवा डेटाचा बॅकअप परत भरून कधीच पाहिला नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते करा.

हातातलं काम कमी करा

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा एक नियम आहे : हातात असलेल्या कामांची सरासरी संख्या ही काम पूर्ण होण्याचा दर आणि एका कामाला लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. टीम आठवड्याला ५ टिकेटं संपवते आणि बोर्डवर सुरू केलेली २० आहेत, तर एका टिकेटाला सरासरी ४ आठवडे लागणारच. दर तोच ठेवून हातातली टिकेटं ८ वर आणली तर हाच काळ १.६ आठवडे होतो, म्हणजे कामाचे आठ दिवस. नियम दीर्घ मुदतीच्या सरासरीचा आहे. एका आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका.

करायचं असं. बोर्डवर पाच रकाने ठेवा : घ्यायचं, चालू, रिव्ह्यू, टेस्टिंग, झालं. मधल्या तिन्हींच्या डोक्यावर कमाल संख्या लिहा. पाच जणांच्या टीमला सुरुवातीला चालू ४, रिव्ह्यू २, टेस्टिंग २ पुरे. रिव्ह्यूचा रकाना भरला असेल तर ज्याचा कोड लिहून झाला त्याने नवं टिकेट उचलायचं नाही, आधी दुसऱ्याचा रिव्ह्यू करायचा किंवा टेस्टिंगला हातभार लावायचा. पहिले दोन आठवडे हे खटकतं. आपण रिकामे दिसू अशी भीती प्रत्येकाला वाटते, आणि वरिष्ठांनाही माणसं रिकामी दिसतात. मर्यादा मोडली जाते ती इथेच. म्हणून ती का लावली आहे हे वरच्या आकड्यांसकट वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

दुसरी पळवाट म्हणजे ‘अडकलेलं’ नावाचा सहावा रकाना. त्याला मर्यादा नसते, म्हणून नको असलेलं सगळं तिथे जाऊन पडतं. अडकलेलं टिकेट आहे त्याच रकान्यात ठेवा. त्यावर लाल खूण, अडण्याचं कारण आणि तारीख लिहा. जागा अडली की कुणीतरी फोन उचलतो. तातडीच्या कामासाठी एक जागा राखीव ठेवायला हरकत नाही, पण एकच. दुसरं तातडीचं काम आलं तर आधीचं तातडीचं नव्हतं असं मागणाऱ्याने कबूल करायचं.

माणसं वाढवण्याबद्दल एवढंच : उशिरा चाललेल्या प्रकल्पात नवी माणसं घातली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलण्याच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५.

टिकेट कापण्याची रीत

एक टिकेट दोन-तीन दिवसांत संपावं. त्याहून मोठं असेल तर कापा, पण थरांनुसार कापू नका. ‘आधी डेटाबेस, मग एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस यांना जोडणारा कोड), मग स्क्रीन’ असे तीन तुकडे केले तर शेवटचा तुकडा होईपर्यंत वापरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि पहिल्या थरातली चूक तिसऱ्या आठवड्यात कळते. प्रत्येक तुकड्यात तिन्ही थर थोडेथोडे आले पाहिजेत.

रिपोर्ट डाउनलोड करण्याची सोय द्यायची आहे, असं धरा. पहिला तुकडा : फक्त चालू महिना, फक्त सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल), जास्तीत जास्त १,००० ओळी. दुसरा : तारखा निवडण्याची सोय. तिसरा : मोठा रिपोर्ट मागच्या मागे तयार करून त्याची लिंक ईमेलने पाठवणं. चौथा : पीडीएफ. पहिला तुकडा लोकांच्या हातात गेला की चौथा कुणालाच नको होता हे कधीकधी आपसूक समजतं, आणि आठवडाभराचं काम वाचतं.

टिकेटात लिहायच्या गोष्टी चार : हे कुणाला आणि कशासाठी हवं आहे, पूर्ण झालं असं केव्हा मानायचं, यात काय धरलेलं नाही, आणि खरे आकडे घालून दिलेली तीन-चार उदाहरणं. उदाहरणांत एक नेहमीचं, एक रिकामं, एक मर्यादेवरचं आणि एक मर्यादेबाहेरचं. वरच्या पहिल्या तुकड्यासाठी ती अशी होतील : २५० ओळी असताना फाइल मिळते, एकही ओळ नसताना फक्त मथळे असलेली फाइल मिळते, एरर येत नाही, १,००० ला फाइल मिळते, १,००१ ला ‘मर्यादा ओलांडली’ असा संदेश येतो आणि फाइल मिळत नाही. ही उदाहरणं पुढे तशीच्या तशी टेस्ट म्हणून लिहिता येतात. पूर्णत्वाच्या अटी सहाच्या वर गेल्या तर ती दोन टिकेटं आहेत असं समजा.

एकक मात्र प्रत्येक आकड्यासोबत लिहा : सेकंद की मिलिसेकंद, कुठल्या टाइम झोनची वेळ, किती दशांश स्थळं, शेवटचा अंक कसा पूर्णांकित करायचा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी गमावलं गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंड-बल सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती.

अंदाजांवर फार वेळ घालवू नका. तुकडे साधारण सारख्या आकाराचे झाले की तासांचा अंदाज लागत नाही, मोजणी पुरते. गेल्या सहा आठवड्यांत ४, ६, ५, ३, ६, ५ टिकेटं संपली असतील आणि पुढे ३० असतील, तर सरासरीने सहा आठवड्यांहून थोडं जास्त आणि आठवड्याला चारच्या संथ दराने साडेसात. ‘सहा ते आठ आठवडे’ असं सांगा, आणि मध्ये नवी टिकेटं आली तर ती यात धरलेली नाहीत हेही त्याच वाक्यात सांगा.

ब्रँच आणि रिव्ह्यू

बहुतेक टीमच्या तक्त्यात मोठी दरी सापडते ती इथे.

ब्रँच एक-दोन दिवसांत मर्ज झाली पाहिजे. ब्रँच म्हणजे एका कामासाठी काढलेली कोडची वेगळी शाखा. लांबलेल्या ब्रँचचा त्रास लोकांना वाटतो तो कॉन्फ्लिक्टचा. पण कॉन्फ्लिक्ट निदान दिसतो, कारण दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर गिट थांबून विचारतं. खरा धोका न दिसणारा असतो. एकाने फंक्शनला मिळणारा आकडा मिनिटांऐवजी सेकंदांत घ्यायला सुरुवात केली आणि जुन्या सगळ्या जागा बदलल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्याने आपल्या ब्रँचवर, वेगळ्याच फाइलमध्ये, तेच फंक्शन मिनिटं देऊन नव्याने वापरलं. दोन्ही ब्रँच मर्ज होताना गिट चकार शब्द काढत नाही, बिल्डही (कोडपासून चालणारा प्रोग्राम) होतो. ब्रँच जितकी जुनी, तितकी अशी जागा सुटण्याची शक्यता जास्त. म्हणून मुख्य ब्रँच रोज आपल्या ब्रँचमध्ये ओढून घ्या. आणि अर्थ बदलत असेल तर नावही बदला, म्हणजे निदान कंपायलर किंवा टेस्ट ओरडेल.

रिव्ह्यूला पाठवायचा बदल २०० ओळींच्या आसपास असावा. ४०० च्या पुढे नजर घसरत जाते, आणि ९०० ओळींचा बदल दोन मिनिटांत मंजूर होतो, कारण तो वाचलेलाच नसतो. आपोआप तयार होणाऱ्या फाइल या मोजणीत धरू नका. नुसती नावं बदलणं, फाइल हलवणं, कोड नीटनेटका करणं हे एका पुल रिक्वेस्टमध्ये (मर्ज करण्याच्या विनंतीत), आणि वागणूक बदलणारा कोड दुसऱ्या. दोन्ही एकत्र केले की ३०० निरुपद्रवी ओळींत एक घातक ओळ दडून जाते.

पाठवणाऱ्याने वर चार ओळी लिहायच्या : काय बदललं, का बदललं, तपासलं कसं, आणि स्वतःला शंका कुठे आहे. चौथी ओळ लिहिण्याचा संकोच वाटतो, पण रिव्ह्यू करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते.

वाट पाहणं कमी करायला एक ठराव पुरतो : पहिलं उत्तर कामाच्या चार तासांत. त्यासाठी दिवसातून दोन वेळा ठरवून घ्या, कामाला बसल्याबसल्या आणि दुपारी जेवण झाल्यावर. या दोन्ही वेळा माणूस आधीच कामातून उठलेला असतो, त्यामुळे तंद्री मोडत नाही. रिव्ह्यूसाठी नाव एकाचंच टाका. दोन नावं टाकली की दोघांनाही वाटतं दुसरा बघेल. पैशांचे व्यवहार, परवानग्या आणि डेटाबेसमधले बदल एवढ्यांपुरते दोन जण ठेवा, पण कुणी काय तपासायचं ते नावानिशी लिहा.

वाचताना वरून खाली जाऊ नका. आधी टेस्ट वाचा, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं. मग डेटाबेस आणि एपीआयमधले बदल, कारण ते नंतर मागे घेणं अवघड. उरलेला कोड शेवटी. प्रत्येक बदलाला हे प्रश्न विचारा : हे दोनदा चाललं तर? यादी रिकामी आली तर? मध्येच नेटवर्क तुटलं तर अर्धवट काय उरतं? ज्याला परवानगी नाही त्याने थेट पत्ता टाकून हे उघडलं तर? लॉगमध्ये पासवर्ड किंवा कुणाची खासगी माहिती जाते का? स्पेस, कंस, ओळीची लांबी यांवर माणसांनी अक्षरही लिहू नये. ते काम फॉरमॅटरचं, आणि फॉरमॅटरच्या निर्णयावर चर्चा नाही.

शेरे लिहिताना सुरुवातीला एक शब्द टाका : ‘अडवणारं’, ‘सुचवणं’ किंवा ‘प्रश्न’. नाहीतर नवख्या माणसाला दहाही शेरे हुकूम वाटतात आणि तो दोन दिवस किरकोळ गोष्टी बदलत बसतो. एकाच मुद्द्यावर तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर लिहिणं थांबवा, दहा मिनिटं बोला आणि ठरलेलं तिथेच एका ओळीत नोंदवा.

सगळे बदल एकाच अनुभवी माणसाने पाहायचे ही रीत सुरक्षित वाटते. पण तो रजेवर गेला की टीम थांबते, आणि रजेवर नसतानाही रांग त्याच्याच दारात असते. आळीपाळीने सगळ्यांनी रिव्ह्यू करा. नवख्याने पहिल्या आठवड्यापासून करावा. त्याला चुका सापडल्या नाहीत तरी त्याचे ‘हे असं का?’ हे प्रश्न कोड कुठे दुर्बोध आहे ते दाखवतात.

बिल्ड आणि टेस्ट

प्रत्येक पुशला (कोड सामाईक साठ्यात पाठवताना) आपोआप काय चालावं, त्याचा क्रम असा : फॉरमॅट आणि लिंट (कोड न चालवता चुका हुडकणं), कंपाइल, युनिट टेस्ट (एकेका तुकड्याची), मग मोजक्या इंटिग्रेशन टेस्ट (तुकडे जोडून). पटकन संपणारं आधी. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत. त्याहून जास्त वेळ लागला की माणूस दुसरं टिकेट उघडतो, आणि हातातलं काम पुन्हा वाढतं. बिल्ड पंचवीस मिनिटांचा असेल तर आधी डिपेंडन्सी (कोडला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) दर वेळी नव्याने उतरवल्या जातात का ते पाहा, आणि सगळ्यात संथ दहा टेस्टची यादी काढा. त्यात बहुधा ‘पाच सेकंद थांब’ छापाच्या ओळी सापडतात. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत थांबा आणि त्याला कमाल मुदत घाला.

कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्ट सगळ्यात महाग पडतात. २०० टेस्टपैकी प्रत्येक टेस्ट हजारात एकदाच विनाकारण पडत असेल, तरी साधारण १८ टक्के बिल्ड काहीही चुकलेलं नसताना लाल होतात. मग लोक न वाचता ‘पुन्हा चालव’ दाबायला शिकतात, आणि खरी चूकही त्याच बटणाखाली जाते. कारणं ठरलेली असतात : घड्याळातली चालू वेळ वापरणं (महिनाअखेर आणि मध्यरात्री अशा टेस्ट पडतात), आधीच्या टेस्टने मागे ठेवलेला डेटा, दोन टेस्टनी एकाच पोर्टवर हक्क सांगणं. अशी टेस्ट दिसली की त्याच दिवशी वेगळी काढा, टिकेट करा, कुणाचं तरी नाव टाका. दोन आठवड्यांत दुरुस्त झाली नाही तर काढून टाका.

मुख्य ब्रँच लाल झाली तर पंधरा मिनिटांत दुरुस्ती, नाहीतर तो बदल मागे. बदल मागे घेणं हा कुणाचा अपमान नाही, हे टीममध्ये एकदा मोठ्याने सांगून ठेवा.

टेस्ट नसलेला जुना कोड पदरी पडला असेल तर सगळ्याच्या टेस्ट लिहायला काम थांबवू नका. बग दुरुस्त करण्याआधी तो दाखवणारी, पडणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती करा. ज्या भागाला हात लावणार आहात त्याचं आजचं वागणं जसं आहे तसं टेस्टमध्ये पकडा, चुकीचं असलं तरी. वर्षभरात जिथे सतत बदल होतो तो भाग आपोआप झाकला जातो.

लहान बदलांचा आणि टेस्टचा एक उपयोग उशिरा कळतो. प्रत्येक कमिट लहान आणि चालणारी असेल तर चूक नेमकी कुठे शिरली ते गिटची बायसेक्ट ही आज्ञा अर्ध्याअर्ध्याने शोधते. १,००० कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडते.

रिलीज

महिन्यातून एकदा चाळीस बदल एकदम पाठवले आणि काही बिघडलं, तर संशयित चाळीस असतात. दिवसाला दोन पाठवले तर दोन. वारंवार रिलीज करण्याची भीती वाटते ती बहुधा रिलीज हाताने होत असल्यामुळे. म्हणून आज ज्या क्रमाने रिलीज करता तो आधी कागदावर उतरवा, मग रोज एक पायरी स्क्रिप्टमध्ये घाला. टेस्टिंगला गेलेलाच बिल्ड प्रॉडक्शनवर जाऊ द्या, पुन्हा नव्याने बनवू नका. बदलायचं ते फक्त कॉन्फिगरेशन, आणि ते बिल्डच्या बाहेर.

हाताने केलेल्या रिलीजचं सगळ्यात महाग उदाहरण १ ऑगस्ट २०१२ चं आहे. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीने नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर टाकला, आठव्यावर जुनाच राहिला. नव्या कोडसाठी एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. त्यातून घ्यायच्या तीन सवयी : रिलीजनंतर प्रत्येक सर्व्हरला स्क्रिप्टनेच आवृत्ती विचारायची, फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही, आणि मेलेला कोड पुरून टाकायचा.

नवी सोय आधी ५ टक्के वापरणाऱ्यांना, मग २५, मग सगळ्यांना द्या. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास थांबा आणि तीन आकडे पाहा : एररचं प्रमाण, प्रतिसादाला लागणारा वेळ, आणि धंद्याचा एक आकडा, उदाहरणार्थ यशस्वी लॉगिन. पहिले दोन ठीक दिसत असताना तिसरा खाली आला, तर बटणच दिसेनासं झालं असण्याची शक्यता असते. प्रत्येक फ्लॅगला मालक आणि काढून टाकण्याची तारीख लिहा. दहा फ्लॅग साठले की चालू-बंदच्या शक्य मांडण्या १,०२४ होतात आणि त्या कुणीही तपासलेल्या नसतात.

कोड मागे घेणं सोपं असतं, डेटाबेस मागे घेणं नाही. म्हणून टेबलमधला बदल एका फटक्यात करायचा नाही. समजा एका कॉलमचं नाव बदलायचं आहे. पायऱ्या अशा, आणि प्रत्येक पायरी वेगळ्या रिलीजमध्ये :

१. नवा कॉलम जोडा, रिकामा चालेल असा.
२. कोड दोन्ही कॉलममध्ये लिहील, वाचेल मात्र जुन्यातून.
३. जुन्या नोंदी नव्या कॉलममध्ये भरा, एका वेळी १,००० ते ५,००० ओळी. सगळं टेबल एका आज्ञेत बदललं तर लॉक लागून वापरणारे ताटकळतात.
४. आता नव्यातून वाचा, लिहिणं अजून दोन्हीत.
५. जुन्यात लिहिणं बंद करा.
६. एक-दोन आठवडे काही कुरबुर नसेल तर जुना कॉलम काढा.

दुसरी आणि तिसरी पायरी उलटी करण्याचा मोह होतो. तसं केलं तर भरणं संपल्यापासून नवा कोड येईपर्यंत आलेल्या नोंदी नव्या कॉलममध्ये रिकाम्या राहतात, आणि ते चौथ्या पायरीला कळतं. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? रिलीज चालू असताना जुना आणि नवा कोड काही काळ शेजारीशेजारी चालतात आणि दोघांनाही टेबल समजलं पाहिजे. शिवाय पाचव्या पायरीपर्यंत एक पाऊल मागे जाता येतं.

मागे जाण्याची तालीम महिन्यातून एकदा, दिवसाढवळ्या करा. बॅकअपचीही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत) चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची फोल्डर पुसली गेली, आणि बॅकअपच्या अनेक सोयी असूनही त्या नीट चालत नव्हत्या, हे तेव्हा लक्षात आलं. साधारण सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं उघडपणे मांडलं, म्हणून बाकीच्यांना शिकता आलं. रिकाम्या मशीनवर बॅकअप भरून पाहा, घड्याळ लावा, लागलेला वेळ लिहून ठेवा. उद्या कुणी ‘किती वेळात सुरू होईल?’ विचारलं तर तो आकडा सांगता येतो.

बिघाडानंतर, आणि बैठका

बिघाड झाला की दोन-तीन दिवसांत तासभर बसा. मिनिटांनुसार घटनाक्रम लिहा. माणसांची नावं नकोत, ‘रिलीज करणारा’ एवढं पुरे. त्या क्षणी त्याला ते करणं योग्य का वाटलं, हा मुख्य प्रश्न. ‘यापुढे काळजी घ्यावी’ हा उपाय नाही. उपाय तीनच जातींचे : ही चूक करताच येऊ नये, झाली तर लवकर कळावी, कळली तर पटकन मागे घेता यावी. दोन-तीन निवडा, नाव आणि तारीख टाका, आणि त्यांची टिकेटं त्याच बोर्डवर लावा. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले उपाय तिथेच राहतात.

रोजची बैठक पंधरा मिनिटं, उभ्याने किंवा बसून, काही फरक पडत नाही. फरक पडतो तो क्रमाने. प्रत्येकाने ‘काल काय केलं’ सांगण्याऐवजी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, म्हणजे संपत आलेल्या कामापासून. दर दोन आठवड्यांनी पाऊण तास कार्यपद्धतीवर बोला आणि एकच बदल निवडा. तो आकड्यात लिहा : ‘रिव्ह्यूची वाट ४ दिवसांवरून १ दिवसावर’. चार आठवड्यांनी पाहा. फरक पडला नसेल तर तो बदल काढून टाका, कारण निरुपयोगी नियम साठले की उपयोगी नियमही पाळले जात नाहीत.

हे आकडे माणसांच्या मूल्यमापनाला कधीही लावू नका. कव्हरेज (टेस्टनी चालवून पाहिलेल्या कोडचं प्रमाण) ८० टक्के हवं असं फर्मान काढलं की काहीच न तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या जातात. टिकेटं मोजून बढती दिली की एकाच कामाची चार टिकेटं होतात.

तीन महिन्यांनी पुन्हा शेवटची दहा टिकेटं काढा आणि तोच तक्ता भरा. रिव्ह्यूची दरी बुजलेली दिसेल आणि टेस्टिंगपुढे नवी रांग लागलेली असेल. यात बिघडलं काही नाही, अडणारी जागा सरकली आहे. पुढचे दोन महिने त्या जागेला द्या. ती जागा टीमच्या बाहेर निघाली, म्हणजे मंजुरी देणारा ग्राहक किंवा दुसरा विभाग, तर त्यांना तक्रारीचं पत्र पाठवू नका. तक्ता दाखवा, दर आठवड्याला अर्ध्या तासाची ठरलेली वेळ मागा, आणि त्या वेळेला चालणारी गोष्ट त्यांच्यासमोर उघडा.